पाहिले. ह.

हत्तरगी सरांच्या टेबलाच्या सगळ्यांत खालच्या खणात खोडरबरं होती. पांढरी, हिरवी, अर्धी झिजलेली, काही वासाची. इतक्या वर्षांत विद्यार्थ्यांकडून जप्त केलेली. नवा वर्ग आला की हजेरी घ्यायच्या आधी सर बाकांमधून फिरत आणि प्रत्येकासमोर हात पसरत. "द्या. खोडरबर द्या. आजपासनं त्याचं काम संपलं."

मी दिलं नव्हतं. मी गडमुडशिंगीची, एसटीच्या गर्दीत उभी राहून कोल्हापूरला शिकायला येणारी. हातातली वस्तू सहजी सोडायची सवय नाही. कंपासपेटीत सारलं आणि रिकामे हात दाखवले. सर पुढे गेले, दोन बाकं ओलांडून परत आले.

"आडनाव काय?"

"चौगुले."

"चौगुले, खोडरबर लपवलंत, हरकत न्हाय. पण चूक अशी लपवू नका. लपवलेली चूक पिल्लं घालती."

वर्ग हसला. वर्ग म्हणजे आम्ही सहाजण. मी रबर काढून दिलं. या माणसानं जे शिकवलं त्यावर मी आजही पोट भरते, आणि या माणसानं जे केलं ते मला अजून गिळता आलेलं नाही. एक सांगून दुसरं झाकलं तर ते सरांचंच शिक्षण विसरल्यासारखं होईल, म्हणून सगळं सांगते.

नव्वदच्या दशकाचा मध्य होता. पर्यावरण अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी हा प्रकार आमच्याकडे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता. वडिलांना, म्हणजे आबांना, मी सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे झाडं लावायची व्हय? त्याला दोन वर्सं?" दोन वर्षं म्हणजे दोन उन्हाळे, म्हणजे लग्नाचे दोन हंगाम. आईनं तोंड फिरवलं. आबा मात्र दोन दिवसांनी स्वतःच कॉलेजात येऊन हत्तरगी सरांना भेटून गेले. काय बोलणं झालं ते मला कधी कळलं नाही. घरी येऊन एवढंच म्हणाले, "मास्तर सरळ माणूस हाय. शीक."

सर गडहिंग्लजकडचे. घरी कन्नड, दारात मराठी. कपाळावर भस्माची पुसट रेघ, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, दोन्ही निळ्या शाईची. रागावले की आधी कन्नडमधून पुटपुटत आणि मग आमच्यासाठी मराठीत सौम्य करून सांगत. त्यामुळे मूळ शिवी काय होती याची आम्हांला कायम उत्सुकता असे.

फील्डबुकाबद्दल, म्हणजे मोजणीच्या जागेवरच भरायच्या वहीबद्दल, त्यांचे नियम सोवळ्यासारखे होते. वही कोरी असतानाच सगळ्या पानांना नंबर घालायचे. शाईनं लिहायचं. चुकलं तर त्यावर एक आडवी रेघ, वर बरोबर आकडा, बाजूला आपली सही. चुकीचा आकडाही वाचता आला पाहिजे. सर प्रत्येक पान वाचत आणि खाली कोपऱ्यात लिहीत, "पाहिले. ह." आणि वही परत देताना दर वेळी तेच वाक्य. "वहीत न्हाय ते घडलंच न्हाय." मी एकदा म्हटलं, "सर, आणि घडलं पण लिहायचं राहिलं तर?" सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "तर तू देवाला साक्षीला बोलाव. मला वहीच पुरती."

हवामान बदल हा शब्द तेव्हा आमच्या वर्गात कुणी वापरत नव्हतं. सर म्हणत, "पुस्तकातला पाऊस वेगळा आणि आभाळातला वेगळा व्हायला लागलाय. महिन्यात पडायचा तो चार दिवसांत पडून मोकळा हुतोय. आपल्या मोऱ्या, गटारं, पूल सगळं जुन्या पावसाच्या मापाचं. अंग वाढलं आणि अंगरखा तोच." म्हणून माझ्या प्रबंधाचा विषय त्यांनीच ठरवला. नदीकाठच्या एका गावात मागच्या मोठ्या पुराचं पाणी नेमकं कुठवर चढलं होतं ते शोधायचं, आणि काठावरची घरं उचलून न्यायची झाली तर सुरक्षित जागा कुठली ते सांगायचं. गाव हातकणंगल्याच्या वाटेवरचं. नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांनी माझ्यामुळे आधीच पुष्कळ सोसलं आहे.

पहिल्या दिवशी सरांच्या स्कूटरवर मागे बसून गेले. मांडीवर उंची मोजायच्या यंत्राची पेटी आणि खांद्यावर आकडे रंगवलेली मोजपट्टी, भाल्यासारखी. गावात पारावर बसलेल्या चार-पाच पुरुषांनी पुराची हकिगत सांगायला सुरुवात केली. एकजण म्हणाला माडीला लागलं होतं, दुसरा म्हणाला माडी बुडाली होती. सर सगळं ऐकून घेत होते, वही मात्र उघडली नाही. बाहेर पडल्यावर म्हणाले, "चौगुले, ध्यानात ठेव. बाप्याला पुराचं पाणी विचारलं तर त्यो पराक्रम सांगतो. बाईला विचार, पिठाचा डबा कुठल्या फळीवर उचलून ठेवलावता. फळी खोटं बोलत न्हाय."

असं डब्यांच्या, चुलींच्या, पाळण्यांच्या उंचीवरून विचारत विचारत आम्ही गौराक्काच्या दारात पोचलो. साठीच्या पुढची, गळ्यात चांदीचं लिंग, आवाज नदीपलीकडे जाईल असा. तिनं कुठलीच फळी दाखवली नाही. दाराची चौकट दाखवली. चौकटीवर कुंकवाची बोटं होती, एकाखाली एक, काही काळी पडलेली. पूर ओसरला की पाणी जिथवर आलं तिथं बोट लावून नमस्कार करायचा, ही तिच्या सासूची रीत. "आलीस, गेलीस, बरं झालं, असं म्हणायचं असतंय," ती म्हणाली. "न्हाय म्हटलं तर रुसती."

सरांनी चपला काढल्या आणि त्या चौकटीपुढे उकिडवे बसले. मग मला म्हणाले, "बघून घे. एवढी चांगली वही मी जन्मात बघितली न्हाय."

पट्टी धरायला माणूस नव्हता. गौराक्कानं ती माझ्या हातातून काढूनच घेतली. सर यंत्रातून बघत ओरडले, "आजी, सरळ धरा." ती म्हणाली, "मास्तर, चाळीस वर्सं नवरा सरळ धरला, ह्या काठीचं काय घेऊन बसलाय." त्या दिवसापासून जितक्या वेळा गेलो तितक्या वेळा पट्टी तिच्याच हातात. दुपारी जोंधळ्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दही. सर तिच्याशी कन्नड बोलायचे, आणि तिनं मला 'पोरी' म्हणायला सुरुवात केली.

गावातल्या सगळ्या उंच्या आम्ही देवळाच्या पायरीपासून मोजल्या. पायरी ही आमची खूण. कुठलाही बिंदू पायरीच्या किती फूट खाली, एवढंच लिहायचं. पायरीच का, तर दहा वर्षांपूर्वी सरांनी स्वतः, नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, देवळामागच्या मोकळ्या जमिनीची मोजणी याच पायरीपासून केली होती. त्यांची ती वही त्यांनी जपून ठेवली होती, एकही डाग नाही. ती जमीन पायरीच्या चार फूट खाली होती. मी पुराचं पाणी मोजलं, ते पायरीच्या पाच फूट खाली आलं. म्हणजे जमीन पुराच्या पाण्यापेक्षा फूटभर वर. कोरडी. काठावरची अठ्ठावीस घरं तिथं हलवावीत, असं मी प्रबंधात लिहिलं. सरांनी त्यावरून गावाच्या घरकुल समितीला अहवाल दिला. खाली त्यांची सही, आणि सहीखाली लहान अक्षरांत माझं नाव. आबांनी तो कागद घरी देव्हाऱ्याशेजारी लावला.

प्रबंध मान्य झाला तेव्हा पेढे घेऊन गौराक्काकडे गेले. आम्ही दोघी देवळाच्या पायरीवर बसलो. पेढा खाता खाता ती पायरीवर हात फिरवत म्हणाली, "गुळगुळीत केल्यात न्हाय? जुनी लई खडबडीत हुती."

"जुनी म्हणजे?"

"ही नवी न्हवं का. डांबर टाकून टाकून रस्ता वर आला, देव खड्ड्यात बसल्यागत दिसाय लागला. मग गावानं जीर्णोद्धार केला. समदंच दोन फूट उचललं. जुनी पायरी मागं पडलीया बघ, नंदीच्या अंगाला."

मी मागे गेले. जुन्या पायरीचं टोक मातीतून वर आलेलं होतं, जागचं हललेलं नव्हतं. टेप लावला. दोन फूट. सरांनी जमीन जुन्या पायरीपासून मोजली होती आणि मी पाणी नव्या पायरीपासून. फूटपट्टी दोन फूट वर उचलून धरावी आणि जुन्याच आकड्याशी ताडून बघावं, तसं मी केलं होतं. खरं पाणी जुन्या पायरीच्या तीनच फूट खाली होतं. ज्या जमिनीला मी कोरडी म्हटलं तिच्यावर त्या पुरात फूटभर पाणी उभं होतं.

वही पिशवीतच होती. तिथंच बसून सत्तेचाळिसाव्या पानावर सगळं लिहिलं, अठ्ठेचाळिसाव्यावर आकृती काढली. जुने आकडे तिथं पुन्हा उतरवून त्यांवर रेघ मारली, वर बरोबर आकडे. गौराक्का शेजारी बसून बघत होती. "कुणी सांगितलं ते बी लिव्हशील न्हवं?" म्हणाली. मी तिचं नाव लिहिलं. तिनं कपाळाच्या कुंकवावर अंगठा फिरवला आणि नावापुढं उठवला.

मिळेल ती एसटी धरून कॉलेजात आले. सरांसमोर वही उघडी ठेवली. सरांनी दोन्ही पानं वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. मग पेन काढून खाली लिहिलं, "पाहिले. ह."

"चौगुले, ही चूक तुझी न्हाय. माझी हाय. पायरी हलली का न्हाय हे तुला तपासायला सांगणं माझं काम हुतं." मग म्हणाले, "पिल्लं घालायच्या आधी सापडली. वही ठेव माझ्याकडं. मी कळवतो."

त्या दिवशी मी बसमध्ये रडले. आनंदानं. असा गुरू मिळायला नशीब लागतं, असं वाटलं होतं.

त्याच वर्षी सरांच्या शब्दावर मला त्याच कॉलेजात नोकरी लागली. एक-दोनदा मी विचारलं, "सर, त्या आकड्याचं?" "कळवलंय," सर म्हणाले. दुसऱ्या वेळी जरा तुटकपणे. तिसऱ्यांदा मी विचारलं नाही. लग्न झालं, मुलगी झाली. समितीचं काम रखडत रखडत पुढं सरकलं आणि एक दिवस पायाभरणीचं निमंत्रण आलं. जागा तीच, देवळामागची.

सरांना फेटा बांधला होता. त्यांच्याच हस्ते नारळ फुटला. मलाही शाल मिळाली. गर्दीतून वाट काढत मी त्यांच्याजवळ गेले आणि हळूच म्हटलं, "सर, ही तीच जमीन." सर समोर बघत म्हणाले, "जोतं उंच घेतलंय." पुढे घरं उभी राहिली तेव्हा मी जोतं बघितलं. वीतभर होतं. वीतभर जोत्यानं काय होतं ते मला कळत होतं, तरी मी मनाशी म्हटलं, सरांनी काहीतरी बघितलं असेल. सामान हलवायच्या आदल्या दिवशी गौराक्कानं मला मुद्दाम बोलावून घेतलं. बाकीचे लोक कागद बघून निघाले होते. ती निघत नव्हती.

"पोरी, न्हेऊ का चूल? तू म्हण, मग उचलते."

"न्या, अक्का. सरांनी बघितलंय."

एवढंच मी बोलले. नेमके हेच शब्द.

पुढं दोन हजार पाचच्या पावसाळ्यात काय झालं ते कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही. सर म्हणत होते तसाच पाऊस आला, महिन्याचा चार दिवसांत. देवळामागच्या नव्या घरांत पाणी कमरेच्या वर गेलं. माणसं छपरांवर चढली, दुपारी नावा आल्या, सगळी वाचली. गौराक्काच्या दोन म्हशी गेल्या. नदीकाठच्या जुन्या घरात असताना पाणी पांदीच्या वाटेपर्यंत आलं की जनावरांचं दावं सोडायचं, हे तिच्या घरातलं पोरसुद्धा करायचं. इथं कुणी सोडलं नाही. जागा कोरडी होती ना, कागदावर. म्हशी दावणीला बांधल्या बांधल्या बुडाल्या.

पाणी ओसरल्यावर चौकशी बसली, गावच्या शाळेत. बाहेरून आलेले एक साहेब, समितीची माणसं, समोर जमिनीवर गाव. सर आणि मी शेजारी शेजारी खुर्च्यांवर. वही सरांच्या हातात होती. मी निवांत होते, खरंच सांगते. मला वाटत होतं, आता सर उठतील, सत्तेचाळिसावं पान उघडतील आणि म्हणतील, चूक माझी. शिव्या खाव्या लागल्या असत्या, पण दोघांनी मिळून खाल्ल्या असत्या.

सर उठले. आवाज नेहमीसारखाच शांत. "पायरी उचलली गेली हुती, हे आज गावकऱ्यांनी सांगितलं तेव्हा कळलं. वहीत त्याची नोंद न्हाय. विद्यार्थिनीची नजरचूक म्हणावी लागंल. लहान हुती, हुशार हुती, पण अनुभव नव्हता. आणि आमच्यात म्हणतात, वहीत न्हाय ते घडलंच न्हाय."

गौराक्का समोरच बसली होती. ती म्हणाली, "मी अंगठा दिलता की, मास्तर."

साहेब म्हणाले, "कुठे?"

सर म्हणाले, "आजी, दुसऱ्या कुठल्या कागदावर असंल."

वही माझ्याकडे आली. मी पानं उलटली. चव्वेचाळीस, पंचेचाळीस, शेहेचाळीस. पुढचं पान एकोणपन्नास. शिवणीपाशी एक धागा सैल होता, बाकी फाडल्याचं कळू नये इतकं नीट काढलेलं. सत्तेचाळीस आणि अठ्ठेचाळीस एकाच कागदाच्या दोन बाजू. खोडायला निदान रबर लागतं, याला तेवढंही लागलं नव्हतं.

वही उंच धरून मला नंबर मोजून दाखवता आले असते. पाच मिनिटांचं काम. सर माझ्याकडे बघत होते. डोळ्यांत धमकी नव्हती. विनंतीही नव्हती. परीक्षेला विद्यार्थी काय लिहितो ते वर्गातून फिरताना बघावं, तसं बघत होते. माझी नोकरी त्यांच्या शब्दाची होती. आबांनी त्यांना सरळ माणूस म्हटलं होतं. आणि मनात कुठंतरी असंही होतं की पाणी मोजणारी मीच, चुकले तर मीच होते. साहेबांनी विचारलं, "मॅडम, तुम्हांला काही सांगायचंय?"

मी नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सरांच्या खोलीत गेले. दार लावलं. "सर, पान कुठं आहे?"

"कुठलं पान?"

मला वाटलं होतं रागावतील, गयावया करतील, कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटतील. एवढ्या वर्षांत ज्यांचं एकेक वाक्य मी पाठ केलं, त्या माणसानं मला 'कुठलं पान' असं विचारलं. मी उभीच राहिले. मग त्यांनी खुर्ची दाखवली आणि समजावल्यासारखं बोलले. "चौगुले, तुझ्या चुकीला लोक चूक म्हणतील आणि सोडून देतील. माझ्या चुकीला लोक माझी सगळी नोकरी म्हणतील. तुला कोण काढत न्हाय. मी हाय की."

"सर, कळवलं होतं का तुम्ही? एकदा तरी?"

ते खिडकीबाहेर बघायला लागले. उत्तर त्यातच होतं. अहवाल परत मागवायचा तर स्वतःची ती बिनडागी वही चुकीच्या पायरीवर उभी आहे असं लिहून द्यावं लागलं असतं. सगळ्या वर्गाला आडव्या रेघा मारायला लावणाऱ्या माणसाला स्वतःच्या नावावर एक रेघ मारता आली नाही.

त्यानंतर चार वर्षं आम्ही एकाच विभागात होतो. चहाच्या वेळेला समोरासमोर बसायचो. कामापुरतं बोलायचो. ते निवृत्त झाले तेव्हा हार घालताना माझा हात त्यांच्या खांद्याला लागला, आणि मला जाणवलं की ते खूप वाळले आहेत. मला वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं, असं नंतर वाटलं. सहा महिन्यांनी सर वारले. मी त्यांच्या घरी भेटायला गेले तर त्यांच्या पत्नी, काकू, म्हणाल्या, "शेवटी शेवटी तुमचं नाव काढत होते." काय म्हणत होते ते मी विचारलं. "नुसतं आडनाव," त्या म्हणाल्या, "पुढं काही नाही."

कॉलेजातल्या शोकसभेत आवडती विद्यार्थिनी म्हणून मला बोलायला उभं केलं. मी त्यांची खोडरबरांची गोष्ट सांगितली. लोक हसले, काहींनी डोळे पुसले. बाकीचं मी बोलले नाही. दुसऱ्यांदा गप्प बसले.

त्या रविवारी गौराक्काकडे गेले. ती परत नदीकाठच्या जुन्या घरात राहायला गेली होती. चौकटीवर दोन हजार पाचचं बोट सगळ्यांत वर होतं. तिथवर हात पोचायला तिला पाटावर उभं राहावं लागलं असणार. मी सर गेल्याचं सांगितलं. तिनं हात जोडले, कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली, आणि मला पाणी दिलं. मी तिला पहिल्यांदाच सगळं सांगितलं. 'पाहिले. ह.' कसं लिहिलं ते, पान कसं गेलं ते, 'कुठलं पान' म्हणाले ते. बोलता बोलता माझा आवाज चढला. मी म्हटलं, "अक्का, त्यांनी मला फसवलं."

"व्हय," ती म्हणाली. "फसवलंच की." मग माझ्याकडे बघत तिनं विचारलं, "मास्तरांचं ऱ्हाऊ दे. त्येंला भ्या वाटलं आसंल. मी अंगठा दिला म्हणून सांगितलं, तवा तू का गप बसलीस?"

भाकरी मात्र तिनं वाढली.

सरांच्या खोलीत आता मी बसते. खालच्या खणात ती खोडरबरं तशीच आहेत, दगडासारखी घट्ट झालेली. वही विभागाच्या कपाटात होती, ती मी टेबलावर आणून ठेवली आहे. पदव्युत्तर वर्गात नवीन मुलं आली की पहिल्या तासाला ती त्यांच्या हातात देते आणि म्हणते, वाचा आणि यात काय आहे ते सांगा. बहुतेक जण आकडे सांगतात. अक्षर सुंदर आहे म्हणतात. एखादा पुराची उंची काढून दाखवतो. पण दर वर्षी एखादी तरी पोरगी पानं पुन्हा मागे उलटते, बोटानं नंबर मोजते आणि बिचकत हात वर करते.

"मॅडम, यात सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस नाही."

मग मी दार लावून घेते आणि त्या पानावर काय होतं ते सांगते. जुनी पायरी, दोन फूट, कुंकवाचा अंगठा, खाली कोपऱ्यातली सही. सरांचं पूर्ण नाव घेऊन सांगते. आणि चौकशीत ते पान मागायला जी उठली नाही, तिचंही.